दहा हात लांब

"थांबा! तिथंच थांबा... एक पाऊलही पुढं टाकू नका!"

वीरधवल जागच्या जागी खिळला. हातात उघडी छत्री, अंगात कोरा करकरीत रेनकोट आणि कॉलरवर अत्तराचा सढळ फवारा. चुलतभावाचा साखरपुडा होता. मलकापूरच्या कडेच्या वस्तीवर येसूबाईंच्या बोअरची मोटर बघायची आणि तसंच पुढं मांडवात जायचं, असा त्याचा बेत. पण नळापाशी एक मुलगी श्रावणसरीत चिंब भिजत, हातातली बाटली तेवढी जपत उभी दिसली. मोटरमेकॅनिक झाला तरी माणूसच तो! छत्री घेऊन धावला आणि हे बक्षीस मिळालं.

"मॅडम, छत्री हाय... बंदूक न्हाई."

"बंदूक परवडली असती! छत्री, रेनकोट, अत्तर... निवडून निवडून आणलंय तुम्ही. दहा हात लांब व्हा आधी."

तो मुकाट्यानं मागं सरला. बाटली भरून, झाकण घट्ट लावून, डब्यात ठेवल्यावरच ती वळली. निथळणाऱ्या बटांआडून तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि खुदकन हसली. झालं... वीरधवलचा निकाल तिथंच लागला.

तिचं नाव संयोगिता. गाव आटपाडी, संशोधन पुण्यात. कधी कुजत नाहीत, विरत नाहीत अशा रसायनांच्या ती मागावर होती. नॉनस्टिक तव्यावरचं टेफ्लॉन, पाणी झटकणारे कपडे, काही मेकअपचं सामान, सगळीकडं ती असतात, असं ती सांगत होती. "माणसांच्या रक्तात सापडली, पक्ष्यांच्या अंड्यांत सापडली, पार उत्तर ध्रुवावरच्या अस्वलातसुद्धा! आपल्याकडच्या पाण्यात किती आहेत, ते मी शोधतेय. मोजमाप इतकं बारीक, की तुमच्या रेनकोटावरचा एक ओघळसुद्धा माझा नमुना बिघडवू शकतो."

"म्हनून तुमी भिजताय?"

"मी वाळेन की. बिघडलेल्या नमुन्याचं काय करू?"

त्या दिवशी साखरपुड्यात वीरधवलनं तीनदा जिलेबी नाकारली. आईला वाटलं, पोराला ताप आलाय.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती नमुना न्यायला येते, एवढं त्यानं येसूबाईंकडून काढून घेतलं. पुढच्या महिन्यातल्या त्या सोमवारी तो जुना, विटका सुती सदरा घालून दहा हातांवर हजर. सदरा सहा वेळा नुसत्या पाण्यात धुतलेला.

"अत्तर?" तिनं भुवई उंचावली.

"न्हाई. साबन बी न्हाई."

"आंघोळ?"

"ती केलीया... न्हाईतर तुमी ईस हात लांब उभं केलं असतं!"

ती इतकी हसली, की बाटली धरलेला हात हलला आणि पाणी सांडलं. तिनं ती बाटली बाजूला ठेवली, नवी काढली. हसू आवरत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! वीरधवल बघतच राहिला. आपण मोटरचं एक वेटोळं चुकलं तर "चालतंय की" म्हणतो, आणि ही पोरगी जरा पाणी हिंदकळलं म्हणून सगळं पुन्हा करते. त्याला तिचा अभिमानच वाटला. अजून ती त्याची कोणी नव्हती, तरीही.

एकच गोष्ट त्याला बघवत नव्हती. तो नळ सांध्यातून गळायचा आणि ती घोटाभर चिखलात उभी राहायची. तिसऱ्या महिन्यातल्या सोमवारच्या आदल्या संध्याकाळी त्यानं नळ खोलला, सांधा नवा बसवला. काम करताना डोक्यात तिचं हसू, ओठांत शीळ. दुसऱ्या दिवशी, पाऊस सरल्यानं चिखल वाळला असेल असं समजून, संयोगितानं कोरड्या फरशीवर उभं राहून बाटली भरली. तो नुसता लाजून हसला.

तीन आठवड्यांनी ती अचानक आली, तेव्हा वीरधवल येसूबाईंची मोटर बघत होता. तिचा चेहरा उतरला होता.

"येसूकाकू, तुमच्या पाण्याचा आकडा एकदम चढलाय. मला आज कळवावं लागेल... हा नळ बहुतेक बंद करतील."

येसूबाई मटकन ओट्यावर बसल्या. "आगं पोरी, चाळीस घरं पित्यात ह्यावर! तान्ह्या लेकरांची हायती... आनी आमी प्यालो त्याचं काय?"

संयोगितानं त्यांचा हात हातात घेतला. मग ती वीरधवलकडं वळली. "इथं काही बदललं का हो? पाइप, मोटर... काहीही?"

त्याची नजर नळाकडं गेली. सांध्यातून पांढऱ्या टेपची बारीक कड डोकावत होती. टेफ्लॉन टेप! हाताला सवयच ती. हजार नळांना गुंडाळली असेल. पहिल्याच दिवशी तिनं नाव घेऊन सांगितलं होतं...

गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. पण मग चाळीस घरांचं पाणी तुटणार होतं, आणि तिच्या कागदावर खोटा आकडा राहणार होता. सांगितलं, तर ही मुलगी आपल्याला पुन्हा कधी जवळ उभं करणार नाही, हेही त्याला दिसत होतं.

"टेप... मी लावली," तो म्हणाला. "टेफ्लॉनची. नमुन्याच्या आदल्या सांजंला."

"आवं, कशाला लावली?" रागात तिची आटपाडी बाहेर आली. "सगळं सांगून बी?"

"तुमी चिखलात उभ्या ऱ्हायच्या... मला बघवंना."

तिनं नळाकडं बोट केलं. मग कोरड्या आवाजात म्हणाली, "काढा ती. खात्री होईस्तोवर हे पाणी कुणी प्यायचं नाही."

त्यानं टेप काढली आणि वडील लावायचे तसा साधा तागाचा धागा सांध्याला गुंडाळला. पाणी दोन दिवस वाहू दिल्यावर तिनं दोन नवे नमुने घेतले. जाताना तिनं मागं वळून पाहिलं नाही. पुढचे तीन आठवडे वीरधवल रोज सकाळी चुलतभावाच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी टेम्पोनं चाळीस घरांना पोचवत होता. फोन हातात घ्यायचा... आणि ठेवून द्यायचा.

चौथ्या शनिवारी तो शेवटच्या घराचा कॅन उतरवत होता, तेवढ्यात येसूबाईंची हाक आली. नळापाशी संयोगिता उभी होती. तो विटका सदरा सावरत गेला आणि सवयीनं दहा हातांवर थांबला.

"आकडा पहिल्यासारखा आला," ती म्हणाली. "अगदी कमी. दोन्ही बाटल्यांचा. पाणी चांगलं आहे, काकू!"

येसूबाईंनी तिथल्या तिथं नळ सोडला, ओंजळभर पाणी प्यायल्या आणि डोळे पुसत घरोघर सांगायला निघाल्या.

"माझ्या अहवालात तुमचं नाव आहे," संयोगिता हळूच म्हणाली.

"चूक केली म्हनून?"

"चूक आपणहून सांगितली म्हणून. मी पंचवीस गावं फिरले... असं कुणी सांगितलं नव्हतं. राग तर लय आला होता. पण बसमध्ये बसले, आणि पुणं येईपर्यंत तुमचाच विचार."

वाऱ्याची झुळूक आली. वीरधवलनं श्वास घेतला आणि चपापला. तिच्या केसांत शेवंती होती, डोळ्यांत काजळ... आणि हा वास?

"तुमी... अत्तर लावलंय? मग नमुना?"

"आज सोमवार आहे का?"

"न्हाई... शनवार."

"मग मी नमुना घ्यायला आले नाही," ती म्हणाली, आणि तिची नजर खाली गेली. "तुमी एवढ्या लांब कशाला उभं हायसा?"

वीरधवल दहा हात चालून तिच्याजवळ गेला.