गाळून उरलेलं

थर्मासमध्ये सूप घेऊन ताई वॉर्डात शिरली तेव्हा दुपारची भेटीची वेळ नुकतीच सुरू झाली होती. मागे तिची लेक. मामाला भेटायचं म्हणून पोरगी सकाळपासून नाचत होती. मामाला उद्या घरी सोडणार होते.

महिन्याभरापूर्वी तो हातचा गेल्यातच जमा होता. आधीच रक्ताचा आजार, त्यात छातीत काहीतरी वाढत होतं आणि ते काय, हेच कळेना. सुई घालून तुकडा काढावा, तर रक्त थांबलं नसतं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी नुसतं रक्त घेतलं. "रक्तात जनुकांचे तुकडे तरंगत असतात, ते मशीन वाचतं," त्यांनी समजावलं होतं. "बहुतेक सगळे माणसाचेच. ते गाळून टाकायचे. उरेल ते परकं."

उरली ती एक बुरशी. सडक्या लाकडावर वाढणारी, माणसात क्वचितच सापडणारी. औषध बदललं, ताप उतरला, भाऊ उठून बसला.

त्याच्या श्वासाला येणारा वास मात्र गेला नाही. ओल्या गोणपाटाखाली बटाटे कुजावेत तसा, गोडसर. तो बोलायला लागला की ताई श्वास रोखून धरायची. सख्ख्या भावाची किळस येते, याची तिला लाजही वाटायची. म्हणूनच तो "ताई, हात दे" म्हणाला की ती मुकाट्यानं मनगट पुढे करायची. ते धरून त्याला झोप लागायची. त्याचा तळवा कायम ओला, बुळबुळीत. हात सोडवताना भिजका कागद सोलल्यासारखा बारीक आवाज व्हायचा.

सूप बघून तो हसला. "परत तेच गरम पाणी? तुझ्या हातचं खाऊन भावोजी अजून टिकलेत कसे गं?"

जिभेवर पांढरट साय धरली होती. ताईनं नजर वळवली.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी तिला बाहेर बोलावलं आणि दार ओढून घेतलं.

"सोडण्याआधी पुन्हा रक्त तपासलं. बुरशी संपली का बघायला."

"संपली ना?"

"गाळायला माणूसच सापडला नाही... सगळी बुरशीच. नमुना बिघडला असेल म्हणून मी स्वतः परत रक्त काढलं."

"मग?"

"या वेळी माणूस सापडला. थोडासा." त्या अडखळल्या. "पण ते तुकडे बाईचे आहेत. माझे नाहीत, मी ताडून पाहिलं... तुम्ही त्याला कधी रक्त दिलं होतं?"

"नाही."

ताईचा हात आपसूक मनगटाकडे गेला. घड्याळाचा पट्टा हल्ली सैल झाला होता. तिनं तो वर सरकवला. खालची कातडी पांढरी पडली होती, पाण्यात भिजलेल्या पावासारखी. तिनं बोट टेकवलं. दुखलं नाही. बोट आत गेलं. कडेनं बारीक लव उगवली होती, आणि वास तोच, गोडसर.

तिनं दार ढकललं.

सूप तसंच होतं. लेक मामाला खेटून पलंगावर पेंगत होती. तिचं मनगट त्याच्या मुठीत होतं.

"सोड तिला."

"राहू दे ना, ताई," तो हळूच म्हणाला. "तुझा हात हल्ली गार लागतो..."

ताईनं पोरीला खसकन ओढून घेतलं. हात सुटला. सुटताना तोच बारीक आवाज झाला.

छातीशी धरलेली लेक झोपेतच पुटपुटली, "आई... हात दे."