मागचे वचन

२९ जानेवारी १६६३. पहाटेपासून गोठलेले धुके, वारा नाही. दुपारी दोन वाजले तरी चर्चच्या छपरावरचे हिम वितळले नव्हते.

गर्व्हेस थर्केल मोठे बायबल उघडून आपल्या मेजाशी बसला. व्यासपीठाच्या बरोबर खालचे हे मेज म्हणजे चर्चच्या कारकुनाची जागा. एकवीस वर्षे तो तिथे बसत होता. पाद्री बदलले, बंडखोरांनी राजाचे डोके उडवले, पुढे त्याचा मुलगा गादीवर आला; थर्केल हलला नाही. आता मात्र त्या जागेवर गदा येऊ पाहत होती. त्या मारल्या गेलेल्या राजाच्या स्मरणाचा उपवास उद्या होता. प्रवचनाला बिशपांचा अधिकारी येणार होता, आणि बंडखोरांच्या राजवटीत कारकुनी केलेल्या माणसाला ठेवायचे की नाही, हेही तोच ठरवणार होता. नोकरी गेली की कुंपणालगतचे घरही जाणार. "उद्या तोंडाला कुलूप लावून बसा," बायकोने, डॉर्कसने, बजावले होते. "आमेनखेरीज चकार शब्द नको."

आज तालीम होती. पाद्री विव्हिल वचने पाठ म्हणत आणि थर्केल ती ग्रंथात पडताळी. साहेबांचे पाठांतर दांडगे, पण एकाचे शेपूट दुसऱ्याच्या धडाला. या महिन्यात थर्केलने एकोणचाळीस चुका दाखवल्या होत्या आणि एकोणचाळीस वेळा बोलणी खाल्ली होती.

"'माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका!'" विव्हिल वरून गरजले. "स्तोत्र एकशे पाच, वचन पंधरा!"

रिकाम्या चर्चमध्ये पाने सळसळली.

एका पुस्तकाची नव्हे, शंभर पुस्तकांची. बाकांवर कुणीही नव्हते. दमट कागदाचा वास मात्र दाटून आला. थर्केलला तो आवाज ओळखीचा होता. आधीचे, बंडखोरांच्या राजवटीतले पाद्री जोसायस क्रेक यांच्या काळात लोक आपापले बायबल घेऊन येत, आणि वचन उच्चारले गेले की सगळे ते शोधून काढीत. म्हातारे क्रेक काळ्या टोपीत बाकांमधून फिरत सांगत, "मागचं वचन वाचा, मग मान डोलवा." नवा राजा गादीवर आल्यावर त्यांना हाकलले. पुढच्या हिवाळ्यात ते वारले. लोकांनी पुस्तके आणणेही सोडले.

"थर्केल, पानं कसली फडफडवतोस?"

"माझे हात खिशात आहेत, साहेब."

"मग उंदीर असतील."

"उंदरांना अक्षरओळख असली तर असतील."

विव्हिलनी वचन पुन्हा म्हटले. पुन्हा सळसळ. ती थांबली आणि मागून कुठून तरी दबका आवाज आला, "मागचं... मागचं वचन..."

थर्केलच्या मानेवर काटा आला. पण भीतीहून वैताग मोठा होता. "साहेब, चौदाव्या वचनात देव राजांनाच दटावतोय. अब्राहामासारख्या भटक्या माणसांना हात लावू नका, असं राजांना बजावतोय. तुम्ही तेच राजाच्या बचावाला लावताय."

"उद्या देशभर हेच वचन घुमणार. सगळे मूर्ख आणि तू एकटा शहाणा?"

"मी कुठं म्हणतोय? ते म्हणतायत."

"ते कोण?"

थर्केलने बाकांकडे बोट दाखवले आणि स्वतःवरच चिडला. "शमुवेलाच्या पुस्तकातलं घ्या ना. 'परमेश्वराच्या अभिषिक्तावर हात टाकून कोण निर्दोष राहील?' तिथं खरोखर राजाच आहे. मागंपुढं कुठं अडत नाही."

विव्हिलनी ते तणतणत म्हटले. पाने सळसळली... थांबली... मग शंभर पुस्तके मिटल्याचा मऊ आवाज झाला.

"बघा. पटलं."

विव्हिलचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मेलेल्या बंडखोराकडून मी वचनं मंजूर करून घेऊ? उद्या पंधरावंच. बास!"

३० जानेवारी. धुके तसेच. चर्चमध्ये एकशे बारा माणसे, थंडीने हात झग्यात खुपसलेली. बिशपांचा अधिकारी पहिल्या बाकावर.

विव्हिलनी पंधरावे वचन उच्चारले आणि सळसळ सुरू झाली. त्यांनी आवाज चढवला, तीही चढली. लोक एकमेकांच्या रिकाम्या मांड्यांकडे पाहू लागले. विव्हिल पुढचे वाक्य बोलायला जात, पण तोंडून तेच निघे. "हात लावू नका... हात लावू..." थर्केलने मोजले: सात वेळा. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि मागून कुणीतरी धीराने, अगदी धीराने म्हणत होते, "मागचं..."

घर. डॉर्कस. कुलूप. थर्केल बसून राहिला. अकराव्या वेळी मात्र त्याला राहवले नाही.

"हो, हो, वाचतो!" तो पुटपुटला, उभा राहिला आणि खणखणीत आवाजात वाचले, "'त्याने कोणाला त्यांचा छळ करू दिला नाही. त्यांच्यासाठी त्याने राजांना दटावले.'"

पुस्तके मिटली. विव्हिल पुढचे वाक्य बोलू लागले.

७ फेब्रुवारीला थर्केलला कामावरून काढण्यात आले. २५ मार्चला त्याने घर रिकामे केले. अधिकाऱ्याने बिशपांना पाठवलेल्या अहवालात कारकुनाच्या उद्धटपणावर चार ओळी होत्या आणि गावकऱ्यांविषयी दोन: "लोकांची निष्ठा वाखाणण्यासारखी. प्रवचनाच्या वेळी प्रत्येकाच्या मांडीवर ग्रंथ उघडा होता, आणि काळ्या टोपीतला एक वृद्ध बाकाबाकाशी वाकून त्यांना पान दाखवत होता."