पहिला पत्ता

"सेटिंगच्या फाइलमधली एक ओळ बंद ठेवलीय. ती बंदच राहू दे," असं मास्तर नोकरी सोडून जाताना मला म्हणाले होते, आणि मी 'हो हो' म्हणत पुढचा प्रश्न विचारला होता.

मास्तर म्हणजे आमच्या कंपनीचे जुने सिस्टिमवाले. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही, पण बोलायची ढब तशी, म्हणून मास्तर. कंपनी चष्म्याच्या काचा करून देते. ठिकठिकाणच्या दुकानांतून लोकांच्या डोळ्यांचे नंबर येतात, डेटाबेसमध्ये जाऊन बसतात, आणि कारखान्यात त्याबरहुकूम काचा घासल्या जातात. त्या डेटाबेसच्या आत थेट बघायचं, काही चुकलं तर हाताने नीट करायचं, तर त्यासाठी ब्राउझरमध्ये उघडणारं एक पान आहे. ऑफिसात सगळे त्याला खिडकी म्हणतात. ही खिडकी रस्त्यावर उघडत नाही. तिच्यापुढे एक रिव्हर्स प्रॉक्सी बसवलेला आहे. बाहेरून येणारा आधी त्याच्याकडे येतो, तो आत निरोप नेतो, उत्तर आणून बाहेर देतो. मास्तर त्याला दारवान म्हणायचे.

खिडकीला एक खोड होती. लॉगिन केलं की ती परत लॉगिनच्याच पानावर आणून सोडायची. तोच पासवर्ड पुन्हा टाकला की मुकाट्याने आत घ्यायची. एखादं दार जरा उचलून लावावं लागतं, तशी सगळ्यांच्या हाताला त्याची सवय झाली होती. "आपल्याकडे दोनदा जायचं असतं," असं नव्या माणसाला सांगितलं जायचं, आणि तो विषय तिथेच संपायचा.

मास्तर तर खोलीतसुद्धा दोनदा जायचे. आत पाऊल टाकायचं, काहीतरी विसरल्यासारखं बाहेर यायचं, मग पुन्हा आत. त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांची नक्कल करायचे. मीही केली आहे, आणि मला ती चांगली जमायची.

"पण ती ओळ बंद का?" मी विचारलं होतं.

"कोण आलंय ते आतल्याला कळू नये म्हणून."

"मास्तर, तेच तर कळायला हवं ना?"

"दारवान सांगतो, 'मी आलोय.' तेवढ्यावर भागतं." मग त्यांनी चष्मा पुसला. "तुझ्या घरी लहान मूल आहे, नाही का?"

"हो. आठ महिन्यांची."

"मग दोनदा लॉगिन करायचा कंटाळा करू नकोस."

इतकी वर्षं एकच यंत्र सांभाळून माणूस थोडा चक्रम होणारच, असं मी मनात म्हटलं.

मी घरून काम करते. ठमी, माझी लेक, दुपारी झोपली की माझा खरा दिवस सुरू होतो. तिची खोली आणि माझं टेबल यांच्यामध्ये एक छोटा पॅसेज आहे. तिचं दार मी किलकिलं ठेवते. फिक्या पिवळ्या पडद्यातून ऊन गाळून येतं आणि सगळी खोली कोमट पाण्याने भरल्यासारखी दिसते. वॉशिंग मशीन कुठेतरी घरघरत असतं. झोप माझी अर्धीच झालेली असते. अशा वेळी जागं असणं आणि नसणं यातला फरक फार बारीक असतो, हे मला मान्य आहे. म्हणूनच जे सांगतेय ते मी तपासून सांगतेय.

खिडकीची खोड शोधायला मला एक दुपार लागली. कारण साधं होतं. दारवान आत फक्त स्वतःचा पत्ता, म्हणजे नेटवर प्रत्येक यंत्राला असतो तो आकडा, देत होता. त्यामुळे आलेला माणूस दारवानच आहे, असं खिडकी समजायची आणि ओळखीची खूण त्याच्या नावाने करून द्यायची. ती खूण घेऊन बाहेरचा माणूस पुन्हा आला, की दोघांचं जुळायचं नाही. मग परत दारात. दुसऱ्या खेपेला आधीची खूण हातात असायची, म्हणून आत. उपाय एका ओळीचा: दारवानाने मूळ पाहुण्याचा पत्ताही आत पोचवायचा. ती ओळ मास्तरांच्या फाइलमध्ये आधीपासून होती. यंत्राने वाचू नये म्हणून सुरुवातीला एक चिन्ह टाकून बंद केलेली.

मी ते चिन्ह पुसलं. लॉगिन केलं. खिडकीने एका फटक्यात आत घेतलं.

इतकं बरं वाटलं की मी टेबलावर हळूच टिचकी मारली. आत ठमी हसली. झोपेतच असेल, असं मला वाटलं.

खिडकीच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते, तुम्ही कुठून आत आलात ते सांगणारी. आजवर तिथे दारवानाचाच पत्ता दिसायचा. आता सगळा माग दिसू लागला. ही रीत सोपी आहे: जो निरोप घेतो, तो आपल्याला निरोप जिथून मिळाला तिथला पत्ता शेपटीला जोडत जातो. म्हणजे ओळीतला पहिला पत्ता खऱ्या पाहुण्याचा, नंतरचे सगळे मधले निरोपे. माझ्या बाबतीत दोन पत्ते हवे होते. आधी माझ्या घराचा, मग दारवानाचा.

तिथे तीन होते.

माझ्या घराचा पत्ता मधे होता. त्याच्या आधी आणखी एक होता: एकशेसत्तावीस, शून्य, शून्य, एक. हा आकडा आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असतो. प्रत्येक यंत्र स्वतःलाच या आकड्याने हाक मारतं. हा पत्ता बाहेरून येऊ शकत नाही. कोणी 'कोण आहे?' विचारल्यावर दाराबाहेरून नुसतं 'मी' म्हणावं, तसा तो आहे.

माझ्याच लॅपटॉपमध्ये काहीतरी मधे बसलं असेल, असं मी धरलं. शोधलं, सापडलं नाही. मग मोबाइलवरून, घरचं वायफाय बंद करून खिडकीत गेले. मोबाइलचा पत्ता मधे आला, आणि त्याच्या आधी तोच आकडा.

दुसऱ्या दिवशी ठमीला पोटाशी बांधून ऑफिसला गेले. माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला सगळे बोका म्हणतात. तो त्याच्या मशीनवरून आत गेला. दोन पत्ते. तो उठला, मी त्याच खुर्चीत, त्याच मशीनवर बसले. तीन.

"तुझ्या अंगातच राउटर आहे," बोका म्हणाला. "नवऱ्याला सांग, घरचं कनेक्शन काढून टाक म्हणावं."

मी हसले. ठमीही हसली, पण माझ्याकडे बघून नाही. माझ्या डाव्या खांद्याच्या जरा वर बघून.

बोका मागे वळला. मागे भिंत होती, आणि तिच्यावर टांगलेला, डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता.

त्यानंतर मी लक्ष ठेवू लागले. ठमी उठली की मी तिच्या खोलीत जाते. ती आधी माझ्याकडे बघते, हसते. मग नजर थोडी वर सरकते, आणि ती पुन्हा हसते. दुसऱ्यांदा जास्त मोकळं हसते.

"पंख्याकडे बघते गं," नवरा म्हणाला.

"पंखा खोलीच्या मधोमध आहे. ती दाराकडे बघते."

"मग दाराकडे बघते. दार काय वाईट आहे?"

"तू गेलास की बघते का?"

तो मुद्दाम आत गेला. ठमी एकदा हसली आणि पायांशी खेळू लागली.

"बघ, माझं कोणाला कौतुकच नाही," तो म्हणाला. मग माझा चेहरा बघून माझ्या पाठीवर हात ठेवला. "झोप जरा. मी बसतो तिच्यापाशी." त्याचा हात पाठीवर होता तोवर बरं वाटलं. मग तो चहा टाकायला गेला, आणि पाठीवरची ऊब तशीच राहिली.

मी मास्तरांना फोन केला. ओळ उघडली, एवढंच सांगितलं.

"किती दिसतात?" त्यांनी विचारलं.

"तीन."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"मास्तर, हे काय आहे?"

"मला माहीत असतं तर मी नोकरी सोडली असती का?" ते म्हणाले. "ओळ बंद कर. आणि दोनदा जात जा."

"कुठे?"

"सगळीकडे. तिच्याकडे तरी नक्की. आधी जाऊन बाहेर ये, मग पुन्हा जा. आपल्यामागून जे येतं ते पहिल्या खेपेला आत राहतं, की बाहेर, ते मला कधी कळलं नाही. माझ्या घरी ते सांगणारं लहान मूल नव्हतं." त्यांनी फोन ठेवला. नंतर कधी उचलला नाही.

मी ओळ बंद केली. खिडकी पुन्हा पूर्वीसारखी दारात आणून सोडू लागली, आणि तळाशी दारवानाचा एकटा पत्ता दिसू लागला. यंत्र विसरलं. ठमी विसरली नाही.

मग मी दोनदा जाऊ लागले. दाराच्या आत पाऊल, परत पॅसेजमध्ये, पुन्हा आत. पहिल्याच दिवशी फरक पडला. दुसऱ्या खेपेला ठमी फक्त माझ्याकडे बघून हसली. एकदाच. मी तिला उचलून इतकं घट्ट धरलं की ती कुरकुरली. ते दिवस फार सुंदर गेले. ऊन पिवळं होतं, ती माझ्या बोटाला धरून उभी राहू लागली होती, आणि तिचं सगळं हसू माझं होतं. नवरा म्हणायचा, "काय गं, झुलता दरवाजा झालीस." मी म्हणायचे, हो, झाले.

परवा दुपारी ती उठल्याचा आवाज आला. मी गेले. आत पाऊल टाकलं. ती पाठमोरी होती. मी नेहमीसारखी पॅसेजमध्ये परतले.

आणि आत ठमी खुदकन हसली.

कोणी चेहरा झाकून एकदम उघडला की ती हसते, तसं.

मी थांबले. दुसऱ्यांदा आत जायचं होतं. मी दाराच्या फटीशी कान नेला.

ती पुन्हा हसली. मग तिचं ते बडबडणं सुरू झालं, जे ती फक्त माझ्याशी करते. मधेच थांबायची, ऐकल्यासारखी. परत बोलायची.

मग एकदम गप्प झाली. उचलून घेतल्यावर होते, तशी.

मी दार ढकललं.

ठमी पाळण्यात होती. पाळण्याचा कठडा वर, कडी लागलेली. ती पाठीवर पडून वर बघत होती, शांत, डोळे जड. सकाळपासून मी तिला खांद्यावर घेतलं नव्हतं. तिच्या उजव्या गालावर शिवणीचा लाल वळ उठला होता. माझ्या शर्टाच्या खांद्यावरच्या शिवणीचा. तो कसा उठतो ते मला पाठ आहे, जरा वाकडा, टोकाशी दुहेरी.

तिने माझ्याकडे पाहिलं. मला पहिल्यांदाच बघतेय तसं पाहिलं. हसली नाही.

हे मी पॅसेजमध्ये जमिनीवर बसून लिहितेय. दुपार आहे. नवरा यायला वेळ आहे, आणि त्याच्यासमोर ती एकदाच हसते, तेव्हा त्याला सांगून उपयोग नाही. दार किलकिलं आहे. आत ठमी नुकतीच जागी झाली असावी, तिचे पाय गादीवर आपटल्याचा आवाज येतोय. मी आत जाणार नाही. मी गेले की माझ्यामार्फत कोणीतरी जातं. आणि मी बाहेर राहिले तरी आत कोणी आधीच आहे की नाही, ते मला इथून कळत नाही.

तुम्ही इथवर माझ्या खांद्यावरून वाचत आला आहात. मग माझं एवढं काम करा. जरा आत जाऊन तिला बघून या. एकटेच जा. ती तुमच्याकडे बघेल आणि हसेल, ओळख नसली तरी हसते हल्ली.

ती किती वेळा हसली, तेवढं फक्त मला येऊन सांगा.