अव्वाच्या शेजारची खुर्ची

खोटं वाटलं तर वाटू दे. पण यातला एक शब्दही मी वाढवून सांगत नाही. मी चन्नवीर, कोल्हापूरजवळच्या उचगावचा, डिझेल इंजिनं दुरुस्त करणारा माणूस. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की सगळ्यात आधी मीच हसायचो. २००६ च्या फेब्रुवारीपर्यंत.

रात्र नव्हती. अमावस्या तर नव्हतीच. कोल्हापूरच्या विमानतळावर दुपारचं टळटळीत ऊन होतं.

माझ्या आईला, अव्वाला, हृदयाच्या ऑपरेशनसाठी मुंबईला न्यायचं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "रस्त्याचे हाल नकोत, विमानानं न्या. पण त्यांना दचकू देऊ नका. जिवावर बेतेल."

आम्ही दोघंही पहिल्यांदाच विमानात बसत होतो. अव्वाला खिडकी मिळाली, मला मधल्या वाटेपलीकडची जागा. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. मी तिथं बसायला गेलो.

"आरं, तितं कुटं बसतोस? पावणं बसल्यात न्हवं?"

खुर्चीत कोणीच नव्हतं...

गोळ्यांचा परिणाम असेल, असं मला वाटलं. तेवढ्यात हवाईसुंदरीनं मला दटावून माझ्या जागेवर बसवलं आणि विमान निघालं.

काय तो जोर! पाठ खुर्चीला चिकटली. उचगावची घरं खाली गेली. डोळे अव्वाकडं आणि कान इंजिनाकडं. वीस वर्षांची सवय, दुसरं काय!

एखादं मिनिट गेलं असेल...

इंजिनाचा आवाज उतरला.

विमान खाली बसतंय असं वाटलं. आमच्या धंद्यात भार ओढणाऱ्या इंजिनाचा आवाज अचानक उतरला की अर्थ एकच. इंजिन गेलं.

मी ओरडणारच होतो.

"चन्नू, वरडू नगंस."

अव्वा शांत होती. डोळे मिटलेले.

"रेस कमी केलीया. उडाय लागती तेवढी ताकद लई येळ ठेवली तर इंजिन तापतंय. आता नाक वाईच खाली करतील, मग पळ घेईल, मग पंखाचं पडदं आत घेतील. चढत ऱ्हाणारच हाय की."

नाक जरा खाली आलं... वेग वाढला... पंखातून घरघर आली आणि थांबली.

विमान चढतच होतं.

नंतर मी एका जाणकाराला विचारलं. ती बोलली ते सगळं बरोबर होतं. अव्वा तर शाळेची पायरीसुद्धा चढलेली नाही.

"तुला कुणी सांगितलं ह्ये?"

"ह्येंनी." तिनं शेजारी मान वळवली. "लई येळा वर गेल्यात म्हणं. खाली कवा उतरलो, त्ये मातर ध्यानात न्हाई म्हणत्यात."

मी त्या खुर्चीकडं बघितलं. गादी मधोमध दबलेली होती...

मुंबई येईपर्यंत मी त्या गादीवरची नजर हलवली नाही. अव्वा मात्र गप्पा मारत होती. मधेच थांबायची. ऐकायची. हसायची.

उतरताना आपल्याकडची कुठलीही बाई जे करते, तेच तिनं केलं.

"या की एकदा घराकडं, पावणं. जेवायलाच या."

मी तिला दंडाला धरून पुढं ओढलं. मागं वळून बघितलं, तर दबलेली गादी हळूहळू वर येत होती...

"अव्वा, कशाला बोलावलंस?"

"आसं कसं? एवढा धीर दिला त्येनी."

"मग काय म्हणालं?"

"येतो म्हणालं. पत्ता सांगाय लागले, तर म्हणालं, ठावं हाय."

ऑपरेशन चांगलं झालं. त्याला तीन वर्षं होऊन गेली. अव्वा ठणठणीत आहे. रोज दुपारी एक भाकरी जास्त टाकते. मी चिडतो, ती ऐकत नाही. बोलावलंय म्हटल्यावर पावणं येणारच, म्हणते.

मला भीती वाटते, उघड सांगतो. तो जेवायला येईल की तिला न्यायला येईल, कोणास ठाऊक.

मी घरी असलो की तिला दार उघडू देत नाही.

पण दुपारी मी वर्कशॉपवर असतो... आणि ती घरात एकटी.