थॅडियसने लावलेली कडी

लट्रीसने ट्रेचं एक टोक धरलं आणि दुसऱ्या टोकाच्या माणसाने तो सोडायला साफ नकार दिला.

“मॅडम, सोडा. मिस अर्नेस्टीननी पाहिलं तर माझं कंत्राट गेलंच म्हणून समजा.”

“जड दिसला म्हणून धरला...”

“जड असणारच, चीज आहे त्यात! पण तुम्ही इथे साहेब व्हायला आलात ना? वाढपी मी आहे. थॅडियस म्हणतात मला.”

बाहेर मेम्फिसची नोव्हेंबरातली झिमझिम चालू होती. चर्चच्या हॉलमध्ये दर शनिवारी बाराजणी जमत, बहुतेक काळ्या, दोघी मेक्सिकन. नोकरीत वरच्या खुर्चीपर्यंत पोचायचं कसं, हे मिस अर्नेस्टीन त्यांना शिकवत. त्यांचा पहिलाच नियम होता – इथे कुणी खुर्च्या उचलायच्या नाहीत, भांड्यांना हात लावायचा नाही.

लट्रीसच्या हातांना हे काही केल्या पटेना. चर्चमधलं जेवण आटोपलं की बायकांनी उठायचं, उरलेलं चंदेरी कागदात बांधायचं, टेबलं पुसायची – हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं. त्यातून स्वयंपाकघरात थॅडियस असे... बाह्या दुमडलेल्या, अंगाला जायफळाचा वास, आणि हसताना त्याचा डावा डोळा आधी हसायचा.

“पुन्हा आलात?”

“ट्रे पुसायला.”

“कोरडा आहे तो.”

“मग ओला करा ना!”

मग आठवडाभर रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या लावताना ती स्वतःशीच हसत राही.

चौथ्या शनिवारी मिस अर्नेस्टीननी बोलावलं म्हणून लट्रीसच्या रुग्णालयाचे प्रमुख, डॉक्टर हॉलोवे, हॉलमध्ये आले. प्रयोगशाळेच्या मुख्याची जागा रिकामी होती. अकरा वर्षांत चार साहेबांना लट्रीसनेच काम शिकवलं होतं, खुर्चीवर मात्र दर वेळी बाहेरचा माणूस येऊन बसे. डॉक्टरांनी तिची चौकशी केली, दहा मिनिटं वाट पाहिली आणि ते निघून गेले. ती आत बशा पुसत होती.

“पोरी, सांगू तरी काय मी त्यांना?” मिस अर्नेस्टीन दारातून कडाडल्या. “साहेबीण भांडी घासतेय म्हणून?”

लट्रीसचा चेहरा खर्रकन उतरला. थॅडियसने तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

समारोपाच्या जेवणाला डॉक्टर पुन्हा आले. जेवणं उरकली, खुर्च्या सरकल्या आणि लट्रीसचे पाय सवयीने आत वळले. दार ढकललं, तर आतून कडी!

“थॅडियस, उघडा ना!”

“नाही.”

“पण का?”

आत नळ बंद झाला.

“तुम्ही आत आलात की मला बरं वाटतं... फार बरं वाटतं. शनिवारची मी आठवडाभर वाट बघतो. आज उघडलं, तर तुम्हाला जाऊच देणार नाही. मला फटीतून दिसतंय, ते डॉक्टर कोट घालतायत, लट्रीस. जा.”

तिने दाराला कपाळ टेकलं. मग ती वळली आणि रिकाम्या हातांनी थेट डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिली.

“प्रयोगशाळेची ती जागा मला हवी आहे. चौघांना मी शिकवलं. पाचव्याला शिकवणार नाही.”

डॉक्टरांनी कोटात घातलेला हात बाहेर काढला आणि ते खाली बसले.

तासाभराने ती मागच्या अंगणात आली, तेव्हा थॅडियस झिमझिमीतच पातेली धुऊन व्हॅनमध्ये रचत होता.

“काय झालं?”

“सोमवारी मुलाखत आहे. आणि त्या जागेसाठी दुसऱ्या कुणालाही बोलावलेलं नाही!”

तो तोंडभर हसला, मग हळूच म्हणाला, “म्हणजे... आपले शनिवार संपले.”

“संपले. यापुढे मी ट्रे पुसणार नाही, तुमच्यासाठीसुद्धा नाही.”

“नकाच पुसू. पण मग यायला निमित्त काय उरलं?”

“निमित्त नकोच मला,” ती म्हणाली. “मला तू हवा आहेस.”

त्याचे हात साबणाने ओले होते. तिने ते तसेच धरले.