परत मिळालेलं वावर

"पोरले आते वावरमा नेऊ नको, माय," कौतिक आबा म्हणाले, तेव्हा मी हसले होते. आबांचं शेत आमच्या बांधाला लागून. बी.एस्सी. झालेल्या बाईनं असलं काही मनावर घ्यायचं नसतं, एवढंच वाटलं.

भडगावबाहेरचं आमचं दोन एकरांचं वावर वळणरस्त्यासाठी सरकारनं घेतलं, तेही चुकून. घ्यायचं होतं पलीकडचं पडीक. कागदावर आमचा गट नंबर पडला. ताबा द्यायच्या दिवशी सासूबाईंनी वावराची ओटी भरली, सासरी निघालेल्या लेकीची भरावी तशी. वर्षभरात त्या गेल्या. माझ्या नवऱ्यानं, योगेंद्रनं, पाच वर्षं कचेरीच्या खेपा घातल्या आणि संपादन रद्द करून आणलं.

आबांचं म्हणणं, लेकीला माहेरी आणायचं तर आधी मुराळी धाडतात. "तुम्हीन मुराळी धाडा नही, नुसता कागद लई उनात."

ताबा परत मिळाला मार्चमधल्या एका दुपारी. वावरात नुसतं वाळलं गवत. साहेब पंचनामा वाचत होते, योगेंद्र सही करत होता. तेवढ्यात आमची चार वर्षांची मयुरी माझा हात सोडून आत गेली आणि मधोमध पाठमोरी उभी राहिली. हाक मारली, वळली नाही. उचलून आणली, तर भर उन्हात तिचं अंग माठासारखं गार.

त्या दिवसापासून तिला आंघोळ घातली की न्हाणीत काळी माती साचते. रोज. ती खेळत नाही. दुपारी भिंतीकडे तोंड करून उभी राहते; वावर त्याच बाजूला. डॉक्टर म्हणाले, तब्येत उत्तम आहे.

नवव्या दिवशी आबांचा फोन आला.

"तुनी पोर वावरमा एकलीच उभी शे, माय. रडी ऱ्हायनी."

मयुरी माझ्यासमोर वरणभात खात होती.

तिला कडेवर घेऊनच धावले. वावरात कोणी नव्हतं. आबा म्हणाले, आत्ता होती.

असं तीनदा झालं. हिला घेऊन गेले की तिथे कोणी नसतं. हिला एकटी टाकून जाऊ कशी?

योगेंद्र म्हणतो, आबांचं वय झालंय. आबांनाही आता त्यांच्या लेकीनं धुळ्याला नेलं. बांधावर बघणारं कोणी उरलं नाही.

तुम्ही दुपारचे त्या वावरावरून जाणार असाल तर एवढं बघाल? ती उभी असेल तर पाणी द्या. काय हाक मारते ते ऐका, आणि मला कळवा.

घरातली त्या दिवसापासून मला एकदाही मम्मी म्हणालेली नाही.