अठरा माणसांचं जेवण

“हात लावू नका त्या खुर्च्यांना!”

रोवेनाचा आवाज चर्चच्या तळघरात असा काही घुमला की तो उंच माणूस जागच्या जागी थबकला. दोन्ही काखांत घडीच्या दोन-दोन खुर्च्या, दाढीवर अजून न वितळलेला बर्फ.

“तीन आठवड्यांपूर्वी सांगून ठेवल्यात मी. बारा खुर्च्या! उद्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला माझ्या घरी अठरा माणसं आहेत जेवायला.”

“माझ्याकडे अकरा माणसं आहेत,” तो शांतपणे म्हणाला. “मीही सांगून ठेवल्यात. फक्त... दोन आठवड्यांपूर्वी.”

“मग झालं तर. मी आधी.”

“पण आलो मी आधी.”

काय निर्लज्ज माणूस! आणि वर हसतोय. हसताना त्याचा डावा गालच तेवढा हलतो, हे तिच्या लक्षात आलं... आणि आपल्या लक्षात का यावं, म्हणून तिला आणखीच राग आला.

“इथे बाराच आहेत. सहा तुमच्या, सहा माझ्या,” तो म्हणाला. “उरलेले जेवतील उभ्यानं.”

“आमच्याकडे कुणी उभ्यानं जेवत नाही. उभी असते ती मीच.”

त्याचं हसू मावळलं. त्यानं तिच्या वाट्याच्या सहा खुर्च्या तिच्या गाडीत नेऊन ठेवल्या. जाता जाता नाव सांगितलं, डेस्मंड टुली. सुपीरिअर सरोवरातल्या लोहखनिजाच्या बोटीवर तो इंजिन सांभाळायचा. तीन वर्षांनी सणाला जमिनीवर होता, म्हणून बहिणीच्या सगळ्या गोतावळ्याला बोलावून बसला होता.

“टर्की भाजायला फोनवरून शिकतोय,” तो म्हणाला. “राहतो तुमच्यापासून दोनच गल्ल्यांवर. धूर दिसला तर माझाच समजा.”

तिला हसू आलं होतं. पण ते तिनं गाडीचं दार लावेपर्यंत दाबून धरलं.

गुरुवारी रोवेना पहाटे पाचला उठली. एरवी हे जेवण आईकडे असायचं. ह्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तेव्हा ते रोवेनाच्या गळ्यात पडलं. कुणी विचारलं नाही, नुसतं कळवलं. आठवडाभर शाळेची बस चालवून आल्यावर तिनं सारणासाठी पाव वाळवले, क्रॅनबेरी शिजवल्या, अकरा किलोची टर्की मीठपाण्यात मुरवली. भाऊ कर्टिस म्हणाला होता, “आम्हीही काहीतरी आणतो हं!” त्यानं आणला बर्फ. नोव्हेंबरात, मिनेसोटात, बर्फाची पिशवी! ती तिच्या हातात देऊन तो टीव्हीवरच्या फुटबॉलसमोर जाऊन बसला.

ग्लेनिस मावशीनं झाकण उचलून वास घेतला. “रस्सा असाच करतात का तुमच्यात?”

“आमच्यात म्हणजे कुणात, मावशी? आपण एकाच घरातल्या ना?”

तेवढ्यात मागचं दार वाजलं. दारात डेस्मंड, उरलेल्या सहा खुर्च्या घेऊन.

“वादळानं हायवे बंद केलाय. बहीण अर्ध्या वाटेतून परतली. ह्या... तुम्हाला लागतील.”

खुर्च्या ठेवून तो वळला. एवढा उंच माणूस, पण पाठ कशी लहान मुलासारखी हिरमुसलेली दिसत होती.

“थांबा,” ती म्हणाली. “जेवून जा.”

“अठराचे एकोणीस?”

“एकोणिसाव्यानं अजून माझ्या रस्स्याला नावं ठेवली नाहीत.”

तो आत आला, बाह्या सरसावल्या आणि न सांगता बटाटे कुस्करायला लागला. सकाळपासून त्या स्वयंपाकघरात काम करायला आलेला तो पहिला माणूस होता. रोवेनाला एकदम डोळे पुसावेसे वाटले... तिनं कांदा चिरायला घेतला.

“हा कोण?” मावशी कुजबुजली, चार खोल्यांना ऐकू जाईल इतक्या जोरात. “सापडला वाटतं एकदाचा!”

जेवायला बसल्यावर प्रथेप्रमाणे प्रत्येकानं आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगायचं होतं. कर्टिसनं ग्लास उचलला.

“मी कृतज्ञ आहे की आमच्या रोवेनाला नवरा नाही की पोरंबाळं नाहीत. नाहीतर एवढं करायला वेळ कुठून मिळाला असता? आम्ही सगळ्यांनी ठरवलंय, पुढच्या वर्षीपासून दरवर्षी इथेच!”

सगळे हसले. टाळ्यासुद्धा वाजल्या. हसला नाही तो फक्त डेस्मंड. त्यानं काटा खाली ठेवला होता.

रोवेना उठून उभी राहिली.

“आता माझी पाळी. मी कृतज्ञ आहे माझ्या दोन पायांबद्दल. पहाटे पाचपासून त्यांवर उभी आहे. मला संसार नाही म्हणून माझा वेळ तुमचा, हे कुणी ठरवलं, कर्टिस? माझी एकतीस वर्षं काय तुमच्या ताटाखालचं फडकं आहे? जेवा पोटभर. भांडी घासा. मी निघाले.”

“अगं, पण... कुठे?”

“जिथे कुणीतरी मला वाढेल तिथे!”

बोलून गेली आणि कानाच्या पाळ्या तापल्या. डेस्मंड सावकाश उठला, तिचा कोट खुंटीवरून काढला आणि तिच्यासाठी उघडून धरला. सोफ्यावरून आईचा आवाज आला. “जा, बाळ. ही जेवणं रांधताना चाळीस वर्षं मलाही हेच म्हणायचं होतं.”

दोन गल्ल्या पलीकडे, त्याच्या घरी, टेबलावर अकरा ताटं मांडलेली होती. टर्की एका बाजूनं करपली होती. त्यानं चांगल्या बाजूचे काप तिला वाढले, स्वतः करपलेले घेतले. दिवसभरात पहिल्यांदा ती बसून, गरम, जेवत होती.

तिचा फोन वाजला. कर्टिस. “भांड्यांचा साबण कुठे असतो?”

“शोध,” ती म्हणाली आणि फोन बंद केला.

डेस्मंड इतका हसला की तिलाही हसू आवरेना. खिडकीबाहेर बर्फ पडत होता.

“सोमवारी बोट सुटते,” तो ताटाकडे बघत म्हणाला. “सात आठवडे. एरवी मला काही वाटत नाही. पण काल तुम्ही ओरडलात ना माझ्यावर... तेव्हापासून वाटतंय, ही बाई ओरडायला जवळ असावी.”

“सात आठवडे कुणी नुसतं ओरडत नाही.”

“मग?”

“पत्र लिहितं. बोटीला पत्र पोचतं ना?”

“पोचतं,” तो म्हणाला, फारच हळू. त्याचा डावा गाल हलला. “अजून वाढू तुम्हाला?”

रोवेनानं ताट पुढे केलं.

“वाढ,” ती म्हणाली.

एका अक्षरानं ‘तुम्ही’चं ‘तू’ झालेलं त्याच्या कानांनी बरोबर टिपलं... वाढायचा डाव हातात तसाच धरून तो तिच्याकडे बघत राहिला.